कुशा टीव्हीवर येईना

...अन् वर मलाच म्हणतोय, "अप्पा, सोर्स बदला!" अरे काय काय बदलू? सकाळपास्नं वायर बदलली, पिन बदलली, रिमोटचं सेल बदललं, टेबल हिकडचं तिकडं केलं, चष्मा सुदीक बदलून बघितला, आता काय बाप बदलतोस का? तुमाला सांगतो, ही पुण्यात बसून फोनवर शिकवणारी पोरं हायेत ना, ह्यास्नी एकदा आमच्या टीव्हीम्होरं आणून उभं केलं पायजे. माझाच पोरगा हाय, रणजित, दुसऱ्याचा न्हाय, म्हणून तर जास्त राग येतो. "सोप्पं आहे अप्पा, एक वायर तर जोडायचीय!" एक वायर! एक टोक कॉम्प्युटरच्या बुडात, एक टोक टीव्हीच्या बुडात, संपलं... अन् टीव्ही काय म्हणतो? नो सिग्नल! निळा चौकोन, त्यात पांढरी अक्षरं, अन् त्यो चौकोन बी एका जागी गप बसंल तर शपथ. ह्या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात, तितनं वर, वरनं खाली, मोकाट सुटलेल्या वासरागत... नो सिग्नल, नो सिग्नल!

आता तुमी म्हणाल, रामहरी, वडगावात ऊस सोडून तुला ह्या वयात कॉम्प्युटर टीव्हीला जोडायची हौस कुठनं आली? हौस न्हाय वो. हौस कसली करताय... कुशा गेली न्हवं का थंडीत. माझी बायको, कुशाबाई. सकाळी चा करून दिला, कप मीच इसळून ठिवला, अन् दुपारी छबूबाई शेजारीण पळत बांधावर आली, "रामहरी दाजी, घरी चला." एवढंच म्हणली. मी म्हणलं म्हस व्याली का काय! म्हस व्याली का, असं इचारलं मी तिला... जाऊ द्या.

तर मुद्द्याचं काय, कुशाची आई तिकडं डाळजला. साखरबाई. माझी सासू, पर ती माझ्या सख्ख्या मामाची बायको, म्हणून मी लहानपणापास्नं मामीच म्हणतो. आता डाळज काय लांब हाय का? आमच्या बाजाराच्या भिगवणपास्नं हाकंच्या अंतरावर. पर मामीचं त्याच टायमाला मांडीचं हाड मोडलेलं, पायाला वजन टांगून दवाखान्यात. लेक गेली ती फोनवर ऐकली म्हातारीनं. अन् फोनवर काय बोलली ठावं हाय? रडली न्हाय. म्हणली, "रामहरी, मी येस्तवर ठिव रं तिला. तोंड बघू दे." आता कसं ठिवू? डॉक्टर मामीला उठू देईना, अन् हिकडं भावकी दारात, पावणंरावळं आलेलं... न्हाय ठिवता आलं. समद्या गावानं तोंड बघितलं, ज्यांची तिची बोलाचाली न्हवती त्या बायांनी बी बघितलं, अन् जिनं जन्म दिला तिचंच ऱ्हायलं.

म्हणून हाड जुळल्या जुळल्या म्हातारी जीपड्यात बसून वडगावला आली. हातात चार पायांची काठी, बरोबर पिशवी, अन् दारातनंच पयला सवाल, "कुठं हाय माझी कुशा?" मी भिंतीवरच्या फोटोपाशी न्हेलं. मामीनं फोटोवर हात फिरवला अन् म्हणली, "ही तर काच हाय." डोळं न्हाईत वो तिला! डोळ्याच्या आतला पडदा गेलाय, डॉक्टर म्हणतो हितनं पुढं ऑपरेशनचा बी उपयोग न्हाय. दारात माणूस उभा ऱ्हायला तर माणूस हाय एवढं कळतं, कोण हाय ते आवाजावरनं. मोबाईल दाखवला, नाकाला लावला, म्हणली, "काय तरी वळवळतंय." रणजितचा जुना कॉम्प्युटर हाय घरात, त्यानं पुण्याला नोकरी धरल्यापास्नं हितंच पडलेला, त्याचा पडदा दाखवला, तर म्हणली, "उजेड हाय, माणूस न्हाय."

अन् मग माझी जीभ... आता हिला काय म्हणावं! मी म्हणलं, "मामी, काळजी करू नका. तुमाला कुशा टीव्हीवर दाखवतो. ही एवढी मोठी, भिंतभर!" बोललो खरा. अन् तुमाला सांगतो, म्हातारी दुसऱ्या दिशी फाटंचीच उठली, आंघोळ केली, पिशवीतनं घडीचं लुगडं काढून नेसली, केसाला तेल लावलं, अन् टीव्हीम्होरं खुर्ची घिऊन बसली. टीव्ही बंद, अन् म्हातारी हात जोडून त्याच्याकडं बघत बसलीया. म्हणलं रामहरी, आता काय बी झालं तरी माघार न्हाय.

कॉम्प्युटरात कुशा हाय. एकच बारकासा व्हिडिओ हाय, आमच्या नातीनं, छकुलीनं काढलेला. एकच का? तर बाईसाहेब काढू देतील तर ना! मोबाईल धरला की पदर तोंडावर. "माझं नका काढू, म्हशीचं काढा, म्हस लोकास्नी आवडती!" म्हशीचं ढिगानं हायेत. म्हस बसलीया, म्हस उठलीया, म्हस माझ्याकडं बघतीया... कुशाचा एक. त्यो टीव्हीवर आणायचा, एवढंच काम.

रणजितला फोन लावला. त्यो म्हणला, "अप्पा, टीव्ही स्मार्ट नाही आपला." म्हणलं, घरात कोण हाय स्मार्ट, तूच काय त्यो एक! म्हणला, टीव्हीच्या कडंच्या भोकात पेनड्राईव्ह लावा. लावला. टीव्ही म्हणतो, ही फाईल मी ओळखत न्हाय. अरे तू ओळखत न्हाईस? तुला दररोज फडक्यानं पुसत व्हती ती! मग रणजित म्हणला, "असू दे, माझ्या टेबलाच्या खणात एचडीएमआयची वायर आहे, चपट्या तोंडाची. टीव्हीला मागं तसंच चपटं भोक आहे, एकच आहे, चुकायचं कारणच नाही."

चुकायचं कारणच न्हाय म्हणं! आमचा टीव्ही कुठं हाय, तर भिंतीत रुतून बसलाय. त्यो बसवणारा असा कसून बसवून गेला, की टीव्ही अन् भिंतीच्या मधी माणसाचा पंजा जाईना. नुसती बोटं जात्यात. दिसत तर कायच न्हाय. मी खुर्चीवर चढलो, गाल भिंतीला लावला, हात मागं घातला, अन् बोटानं चाचपडत, म्हशीचं रेडकू पोटात कसं फिरलंय ते डॉक्टर बघतो ना, तसं... हां, गावलं! चपटं काय तरी गावलं. वायरीचं तोंड टेकवलं, दाबलं, मागनं भिंतीनं रेटा दिला, वायर गच्च बसली. हालंना डुलंना. म्हणलं जमलं! खाली उतरलो, रिमोट घेतला, सोर्स दाबलं, यादी आली, एचडीएमआयवर आणलं, देवाचं नाव घिऊन ओके दाबलं...

नो सिग्नल.

"दिसली का रं?" मामीनं इचारलं. आता काय सांगू? म्हणलं, "येतीय मामी, वाटंत हाय."

"अप्पा, वायर काढून परत घाला." घातली. नो सिग्नल. "कॉम्प्युटर बंद करून चालू करा." केला. आमचा कॉम्प्युटर चालू व्हतो म्हणजे ऊस तुटून कारखान्यावर जाऊन येतो तवर. झाला चालू. नो सिग्नल. "अप्पा, आता डिस्प्लेमधे जा, तिथं डिटेक्ट लिहिलंय, ते दाबा. काय आलं?" मी एकेक अक्षर वाचलं त्याला. म्हणला, "म्हणजे त्याला दुसरा पडदा सापडत नाही." अरे सापडत न्हाय म्हणजे? भिंतीवर एवढा टीव्ही! म्हातारीला डोळं न्हाईत तरी तिला सापडला, ह्या कॉम्प्युटरला सापडंना! "अप्पा, मला मीटिंग आहे, अर्ध्या तासानं करतो." व्हय, करा मीटिंग. हितं तुज्या आजीची अन् आयची मीटिंग अडलीय, ती बघायला कोण हाय?

"दिसली का रं रामहरी?"

"वाटंत हाय मामी!"

मग मी गोकुळला बोलावलं. गोकुळ म्हणजे आमच्या भावकीतला, मोटरी भरायचं दुकान हाय त्याचं, केसं पिकली मोटरी भरता भरता. कुठली बी बंद पडलेली मोटार असू द्या, गोकुळ तिला बोलती करतो. आता तुमी म्हणाल मोटरीचा माणूस टीव्हीला कशाला? मग कुणाला बोलावू? गोकुळ आला, चप्पल काढली, मामीच्या पाया पडला, वायर हातात घेतली, वास घेतला. वास! "तात्या, जळालेली न्हाय." मग खिशातनं टेस्टर काढला, ते लायटीचं पेचकस न्हाय का, अन् वायरीच्या चपट्या तोंडात घालून टोकाला अंगठा लावला. टेस्टरचा दिवा लागंना. त्यानं माझ्याकडं बघितलं, डॉक्टर बघतो तसं. "तात्या, वायर मेलीया. करंटच न्हाय हिच्यात."

मी रणजितला मेसेज टाकला, वायर मेलीया. त्याचं मीटिंगमधनं उत्तर आलं, त्या वायरीत करंट नसतोच. गोकुळ हसला. "पोरं शिकली तात्या, पर करंट न्हाय तर चित्र काय चालत जातंय व्हय?" अन् मला पटलं! तुमाला सांगतो, पटलं मला! मग आमी दोघांनी काय केलं, तर ठिबकच्या नळीत कचरा अडकला की आपण फुकतो ना, तसं वायरीला एका टोकाला मी तोंड लावलं, दुसऱ्या टोकाला गोकुळनं कान लावला. फुकतोय, फुकतोय... हवा काय जाईना. "चोकप हाय!" गोकुळ म्हणला. आता ठिबकची नळी पोकळ अस्ती, वायर पोकळ नस्ती, हे दोन बाप्यांच्या टाळक्यात यायला किती येळ लागावा? मामी मधनंच म्हणली, "शिट्टी कशाला वाजवताय रं?"

तर गोकुळला दुसरंच सुचलं. "तात्या, आता कुठली फेज हाय?" म्हणलं, सिंगल. म्हणला, "हां! मग बसा. सिंगल फेजवर टीव्ही चालतो, कॉम्प्युटर चालतो, पर दोन्ही एकमेकाला जोडायचं म्हणजे लोड किती? थ्री फेज आल्याबिगर उचलायचं न्हाय हे." अन् आमी बसलो. दोघं बसलो, थ्री फेजची वाट बघत! शेतावरची मोटर आपल्याला शिकवून गेलीय ना जल्मभर, की लाईट नीट न्हाय तर हात लावू नका. ह्या बुद्धीला काय करणार? मामी बी बसली. तिला वाटलं कुशाच थ्री फेजबरोबर येणार हाय. "कवा येती लाईट?" म्हणली. "येईल दुपारपतुर." म्हणली, "मग मी जेवत न्हाय, तिला बघूनच जेवते."

आता सांगा! माझ्या घशाखाली घास उतरंल का? मी म्हणलं मामी, दोन घास खावा. न्हाय. चा घ्या. न्हाय. जलमात लेकीनं कवा आईला उपाशी ठिवली न्हाय, अन् आज तिच्यापायी म्हातारी उपाशी. मी सैपाकघरात गेलो, तितं कोण हाय म्हणा, एक डबा उघडला, झाकला, दुसरा उघडला, झाकला, कशाला उघडला त्ये बी आठवंना, अन् रडलो. स्पष्ट सांगतो, रडलो. तोंडावर पाणी मारून भाईर आलो तर गोकुळ म्हणतोय, "आली बघा थ्री फेज!"

पळत जाऊन दाबलं.

नो सिग्नल!

मग टीव्हीच्या कंपनीला फोन. मराठीसाठी हे दाबा, ते दाबा, दाबलं तर हिंदीच निघाली. "नमस्कार सर, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?" म्हणलं, बाई, माझी बायको टीव्हीवर येईना. ती म्हणती, "सर, आपकी पत्नी को क्या प्रॉब्लम है?" म्हणलं, बायकोला कायच प्रॉब्लेम न्हाय आता, टीव्हीला हाय. "सर, टीवी ऑफ करके ऑन किया?" म्हणलं सकाळपास्नं मी सोडून समदं ऑफ करून ऑन केलं! तिनं तक्रार लिहून घेतली, म्हणली माणूस येईल, येत्या आठवड्यात. अन् मामीचा परतीचा जीपवाला संध्याकाळी!

"दिसली का रं?" मामी म्हणली. पर आता आवाज बारीक झालेला. अन् मी 'वाटंत हाय' म्हणायच्या आधी तीच म्हणली, "ऱ्हाऊ दे रामहरी. तवा बी न्हाय दिसली, आता बी न्हाय. माझ्याच डोळ्याला तिचं तोंड नको झालंय."

बास. माझं टाळकं सटकलं. म्हणलं, "गोकुळ, काढ रं त्यो टीव्ही खाली! नटबोल्ट काढ, भिंत फोडायला लागली तर फोड!" गोकुळनं पाने आणले, कराकरा बोल्ट सोडवले, दोघांनी मिळून टीव्ही उचलला, दिवाणावर गादीवर उपडा घातला. मागं ही जळमटं. गोकुळनं फडक्यानं पुसलं, वाकून बघितलं, अन् तसाच वाकलेला ऱ्हायला.

म्हणलं, काय रं?

म्हणला, "तात्या... वायर आत गेलीच न्हवती. नुसती भिंतीनं दाबून धरली व्हती. भोकावर... बघा तुमीच."

मी बघितलं. चपट्या भोकावर टिकली.

लाल मखमली टिकली, कुशाची. अन् एकच न्हाय वो, पिनेचं गोल भोक, त्याला बारकी टिकली. दुसरं एक भोक, त्याला टिकली. मागची जेवढी भोकं वापरात न्हाईत तेवढ्यांची तोंडं टिकल्या लावून बंद! आमच्या स्टार्टरच्या पेटीत एकदा पाल शिरली व्हती, मोटार जळाली, तवापास्नं तिनं धसका घेतलेला. घरात भोक दिसलं की बुजव. पर टीव्हीला टिकल्या? कवा लावल्या? बसवायला आणला तवा आमी दोघं बाप-लेक कुठल्या भिंतीला लावायचा म्हणून भांडत व्हतो, तवाच ही मागं बसून एकेक टिकली लावत असणार. सांगितलं बी न्हाय! आरशाला लावायची, कपाटाला लावायची, न्हाणीच्या फरशीला लावायची, ते मला ठावं हाय, बायका लावत्यात. पर टीव्हीला कुंकू लावलेली बाई माझीच!

मी हसलो. अन् मग कसं कोण जाणं, हसता हसता निराळंच झालं. गोकुळनं माझ्या पाठीवर हात ठिवला. म्हणला, "तात्या, नखानं काढू का? वायर घालतो."

अन् तुमाला सांगतो, माझं मलाच कळलं न्हाय, मी त्याचा हात धरला. म्हणलं, हात लावू नको.

"तात्या, टिकली तर हाय."

म्हणलं, तिची हाय. ती अहेव गेली गोकुळ. हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून, कपाळभर कुंकू लावून घालवलीया तिला. समद्या बाया म्हणल्या, भाग्याची गेली, नवऱ्याच्या आधी गेली. कसलं डोंबलाचं भाग्य त्ये मला ठावं, पर गेली ती कुंकवानं गेली. तिची टिकली कवा काढायची? मी मेल्यावर! मी जित्ता असताना तिची टिकली कोण काढतंय त्ये बघतो!

गोकुळ म्हणला, "तात्या, ती टीव्हीची टिकली हाय!" म्हणलं, टीव्हीची कशी, टीव्हीला नवरा हाय का? अन् दोघं पेटलो. त्यो म्हणतोय म्हातारी उपाशी बसलीया, मी म्हणतोय मला कळत न्हाय का, त्यो म्हणतोय मग काढा, मी म्हणतोय हात न्हाय लागत. खरंच सांगतो, न्हाय लागत व्हता हात. नख न्हेलं टिकलीपतुर, अन् माघारी घेतलं. टिकली काढली तर कुशा दिसंल, न्हाय काढली तर म्हातारी तशीच जाईल... कसला न्याव हाय हा? एवढ्याशा भोकाशी देवानं मला आणून उभा केला, अन् म्हणतो, कर आता काय करतो त्ये!

तवर चार पायांची काठी टक टक वाजली. मामी उठून दिवाणापाशी आली. म्हणली, "कुठं हाय टिकली?" मी तिचं बोट धरून भोकावर ठिवलं. म्हातारीनं चाचपलं. लई येळ चाचपलं. म्हणली, "रामहरी, हिला पयलं कुकू मी लावलं. बारशाला. कपाळ एवढंसं, अन् माझं बोट मोठं, पार नाकापतुर आलं व्हतं. तू काढू नको, तुझं बरोबर हाय. मी काढते. आय काढती लेकीचं, न्हाऊ घालताना काढतीच की. त्यात काय वंगाळ हाय?"

अन् नखानं टिकली सोडवली तिनं. अलगद. न दुखता. अन् बोटाच्या टोकावर घिऊन तशीच खुर्चीवर जाऊन बसली, बोट वर धरून.

गोकुळनं टीव्ही सरळ केला, दिवाणावरच भिंतीला टेकवला, मामीच्या अगदी तोंडाम्होरं. वायर घातली. खट्ट वाजलं! सकाळपास्नं ह्या खट्टसाठी... निळा चौकोन गेला, अन् टीव्हीवर कॉम्प्युटर आला. मी त्यो माऊस धरला, घाईघाईनं दाबायला गेलो, तर बाण म्हशीच्या व्हिडिओवर, म्हस चालू झाली! भिंतभर म्हस! मामी म्हणली, "ही कुशा?" न्हाय वो मामी, थांबा... अन् मग लागला.

कुशा. ही एवढी. लसूण सोलत बसलीया ओट्यापाशी. मागनं छकुलीचा आवाज, "आजी, इकडं बघ ना!" अन् कुशानं वर बघितलं, "सटवे, परत चालू केलं का ते? बंद कर. जा, आज्याला बोलव, चा निवतोय." अन् दाराकडं तोंड करून हाक मारली तिनं. माझ्या नावानं न्हाय, नाव कुठं घ्यायची ती... "अवोऽऽ! येताय न्हवं?"

"आलो, आलो," मी म्हणलो.

म्हणलो खरंच. अन् उठलो बी. दोन पावलं टाकली. गोकुळ खिडकीतनं भाईर बघाय लागला.

"हीच," मामी म्हणली. "आवाज हिचाच. परत लाव." परत लावला. परत लावला. मग म्हणली, "थांबीव तिला. पळती लई." गोकुळनं थांबवली, वर बघताना, तोंड टीव्हीभर. मामी खुर्चीवरनं पुढं सरली, नाक टीव्हीपाशी न्हेलं, तोंडावर उजेड पडला तिच्या. एक डोळा बारीक केला, दुसरा केला. अन् म्हणली, "रामहरी, हिचं कपाळ मोकळं का रं?"

म्हणलं, "न्हाय मामी, हाय की, टिकली हाय, तुमाला दिसत न्हाय तेवढी बारीक."

"मला मोकळंच दिसतंय," ती म्हणली. "लेकीला अशी मोकळ्या कपाळानं न्हाय बघायची मला." अन् बोटावरची ती टिकली, अजून चिकटत व्हती बघा, ती म्हातारीनं टीव्हीवर लावली, अंगठ्यानं दाबली. कपाळाचा अंदाज चुकला. गालावर लागली. "आता बघितली," म्हणली. "वाढ मला जेवायला."

जेवली म्हातारी. दोन भाकरी खाल्ल्या. संध्याकाळच्या जीपड्यानं डाळजला गेली बी. गोकुळनं टीव्ही परत भिंतीला लावला, वायर काढली, चपट्या भोकाला चिकटपट्टी लावली, पाल शिरू नये म्हणून.

पर ती टिकली हाय अजून तितंच. टीव्ही लावला की बातम्या सांगणाऱ्याच्या गालावर टिकली. क्रिकेट लागलं की बॉलर पळत येतो त्यो टिकलीच्या मागनं, अंपायरनं हात वर केला की बगलंत टिकली. पुढारी भाषण ठोकाय उभा ऱ्हायला, माईकच्या जरा वर, मिशीत टिकली! हवामानवाला नकाशा दाखवतो, तर दोन जिल्हे टिकलीखाली, तितं पाऊस पडतोय का न्हाय आमाला कळत न्हाय. लोकं येत्यात, म्हणत्यात रामहरी, टीव्हीला डाग पडलाय, फडकं मारा. म्हणलं, बघायचं तर बघा, न्हाय तर घरी जाऊन बघा.

अन् परवा रणजित आला पुण्यासनं. स्क्रीन पुसायचं कसलं तरी पाणी घिऊन आला, मऊ फडकं घिऊन आला, लई काळजीनं म्हणला, "अप्पा, गोंद मुरला तर स्क्रीन खराब होते. काढून टाकू का ती?"

म्हणलं, काढ की बाबा. घाई काय हाय... मी गेल्यावर काढ.